जमावबंदीचा आदेश वाचताना

गणेशोत्सव, निवडणूक, एखाद्या महापुरुषाची जयंती किंवा विधिमंडळाचे अधिवेशन तोंडावर आले की वृत्तपत्राच्या जिल्हा पानावर ‘जिल्ह्यात मनाई आदेश लागू’ अशी एक लहानशी बातमी हमखास येते. तिच्यात महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ मधील कलम ३७(१) आणि ३७(३) यांचा उल्लेख असतो. काठ्या, दगड, शस्त्रे बाळगू नयेत, प्रतिमांचे किंवा प्रेतांचे प्रदर्शन करू नये, जाहीरपणे घोषणा देऊ नयेत, वाद्ये वाजवू नयेत, पाच किंवा अधिक व्यक्तींनी विनापरवानगी एकत्र जमू नये, अशी यादी असते आणि शेवटी लग्न, अंत्ययात्रा व धार्मिक विधी यांना सूट दिलेली असते. बहुतेक वाचक ती बातमी न वाचताच पान उलटतात, कारण तिचा आपल्याशी काही संबंध आहे असे कोणालाच वाटत नाही. प्रत्यक्षात नागरिकाचे बोलण्याचे स्वातंत्र्य आणि पोलिसांचा अधिकार यांची गाठ रोजच्या व्यवहारात जिथे पडते, ती जागा म्हणजे हा दीड पानी आदेश आहे. तो कोणी काढला, किती दिवसांसाठी काढला आणि त्यात कारण काय दिले आहे, एवढे तपासता आले तरी सार्वजनिक जागेतील निदर्शनांविषयीचा आपल्याकडील कायदा बराचसा हाती लागतो.

सुरुवात अर्थातच राज्यघटनेपासून करावी लागते. कलम १९(१)(अ) प्रत्येक नागरिकाला भाषणाचे व अभिव्यक्तीचे स्वातंत्र्य देते आणि १९(१)(ब) शांततेने व विनाशस्त्र एकत्र जमण्याचे. या दुसऱ्या हक्काची मर्यादा हक्काच्या वाक्यातच आहे. जो जमाव शांत नाही किंवा शस्त्रे घेऊन आला आहे, त्याला हे संरक्षण मुळातच मिळत नाही, त्याच्यावर निर्बंध घालण्याचा प्रश्न नंतरचा. शांत आणि निःशस्त्र जमावावर मात्र राज्याला निर्बंध घालायचे असतील, तर ते वाजवी असले पाहिजेत आणि त्यांचे कारण घटनेने मोजून दिलेल्या कारणांपैकीच असले पाहिजे. एकत्र जमण्याच्या हक्कापुरती ही कारणे दोनच आहेत: भारताची सार्वभौमता व एकात्मता, आणि सार्वजनिक सुव्यवस्था. मंत्र्यांची अडचण, प्रशासनाची नामुष्की किंवा पाहुण्यांच्या दौऱ्यात शहराचे चांगले दिसणे यांचा त्यात समावेश नाही. वाहतुकीचा उल्लेखही तिथे नाही. ती रस्ता वापरणाऱ्या इतर नागरिकांच्या हक्काच्या वाटेने चर्चेत येते.

घटना तयार होत असतानाच या निर्बंधांवर टीका झाली होती. बंगालमधून निवडून आलेले कम्युनिस्ट सदस्य सोमनाथ लाहिरी यांनी १९४७ मध्ये संविधान सभेत म्हटले होते की, यांतले अनेक मूलभूत हक्क पोलीस शिपायाच्या दृष्टिकोनातून लिहिलेले आहेत. टीका बोचरी होती आणि पूर्णपणे चुकीचीही नव्हती. मात्र निर्बंध वाजवी आहे की नाही हे तपासण्याचा अधिकार न्यायालयांकडे असल्यामुळे, पुढील सत्तर-पंचाहत्तर वर्षांत या कलमांचा अर्थ शिपायाच्या हातून बराचसा न्यायाधीशाच्या हाती गेला. १९६२ मध्ये कामेश्वर प्रसाद खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, निदर्शन हाही मत मांडण्याचाच एक प्रकार आहे. बिहार सरकारने आपल्या कर्मचाऱ्यांना कोणत्याही प्रकारच्या निदर्शनात भाग घेण्यास मनाई केली होती आणि शांततापूर्ण निदर्शनांनाही लागू होणारी ती सरसकट बंदी न्यायालयाने रद्द केली. संप करण्याचा मूलभूत हक्क मात्र त्याच निकालाने मान्य केला नाही.

‘सुव्यवस्था’ म्हणजे नेमके काय, हा या सगळ्या प्रकरणाचा कणा आहे. दोन शेजाऱ्यांचे भांडण झाले तरी कायदा मोडला जातो, पण त्यामुळे गावाचे जनजीवन ढवळून निघत नाही. १९६५ मध्ये राममनोहर लोहिया यांच्या स्थानबद्धतेच्या प्रकरणात न्यायमूर्ती हिदायतुल्ला यांनी यासाठी एकात एक असलेल्या तीन वर्तुळांची कल्पना मांडली. सर्वांत मोठे वर्तुळ ‘कायदा व सुव्यवस्था’ यांचे, त्याच्या आत ‘सार्वजनिक सुव्यवस्थे’चे आणि सर्वांत आतले, सर्वांत लहान, राज्याच्या सुरक्षिततेचे. बाहेरच्या वर्तुळातील प्रत्येक घटना आतल्या वर्तुळापर्यंत पोहोचतेच असे नाही. लोहियांच्या स्थानबद्धतेच्या आदेशात ‘सार्वजनिक सुव्यवस्था’ असे न लिहिता ‘कायदा व सुव्यवस्था’ असे लिहिलेले होते आणि ती स्थानबद्धता टिकली नाही. ‘कायदा व सुव्यवस्थेचा प्रश्न निर्माण होण्याची शक्यता आहे’ हे वाक्य आजही परवानगी नाकारणाऱ्या असंख्य पत्रांत छापील मजकुरासारखे येते. ते लिहिणाऱ्यांपैकी किती जणांना या दोन वर्तुळांतला फरक ठाऊक असतो, याबद्दल मला शंका आहे.

आता पुन्हा आदेशाकडे वळू. महाराष्ट्रात असा आदेश मुख्यतः दोन कायद्यांखाली निघतो. पहिला वर उल्लेखिलेला महाराष्ट्र पोलीस अधिनियम, आणि दुसरा भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १६३. १ जुलै २०२४ रोजी नवी संहिता लागू होईपर्यंत हेच कलम फौजदारी प्रक्रिया संहितेत १४४ या क्रमांकाने होते आणि लोकांच्या तोंडी अजूनही ‘१४४ लागली’ असेच आहे. हे कलम इंग्रजी राजवटीचा वारसा आहे. एप्रिल १९१७ मध्ये चंपारणला गेलेल्या गांधीजींना जिल्हा सोडून जाण्याचा हुकूम याच कलमाखाली बजावण्यात आला होता आणि त्यांनी तो मानण्यास नकार दिला होता. स्वातंत्र्यानंतर हे कलम रद्द होईल असे कोणाला वाटले असेल, तर तसे घडले नाही.

ते रद्द करण्याची मागणी सर्वोच्च न्यायालयासमोर दोनदा ठळकपणे आली आणि दोन्ही वेळा नाकारली गेली. पहिले प्रकरण नागपूरचे होते. १९५६ मध्ये तेथील एम्प्रेस मिलमधल्या कामगार संघटनांच्या वादातून जिल्हा दंडाधिकाऱ्यांनी मनाई आदेश काढला आणि बाबूलाल पराते यांनी त्याला आव्हान दिले. १९६१ च्या निकालात न्यायालयाने म्हटले की, शांतता भंगण्याची वाट न पाहता आधीच पाऊल उचलण्याचा अधिकार राज्याला असणे घटनाविरोधी नाही. दुसरे प्रकरण पुण्यात जन्मलेले आणि बिहारमधील मुंगेरहून लोकसभेवर गेलेले मधु लिमये यांचे. त्यात १९७० मध्ये सात न्यायमूर्तींच्या पीठाने कलम वैध ठरवले, परंतु त्याचा वापर निकडीच्या आणि परिणाम पुरेसे गंभीर असतील अशा परिस्थितीतच व्हावा, असेही बजावले. म्हणजे कलम टिकले, पण ते वापरण्याचा उंबरठा उंच ठेवला गेला. प्रत्यक्ष कारभारात तो उंबरठा अनेक जिल्ह्यांत केव्हाच झिजून गेला आहे.

तो झिजतो कसा, हे मुदतीच्या ओळीवरून कळते. पोलीस अधिनियमाच्या कलम ३७(३) खाली सभा आणि मिरवणुका यांच्यावरील बंदी राज्य सरकारच्या मंजुरीशिवाय १५ दिवसांपेक्षा जास्त काळ चालू ठेवता येत नाही. कलम १६३ खालील आदेश दोन महिन्यांपेक्षा जास्त टिकत नाही आणि राज्य सरकारने ठरवले तर आणखी जास्तीत जास्त सहा महिने वाढतो. कायदा करणाऱ्यांना ही साधने तात्पुरती असावीत असे वाटत होते, हे या आकड्यांतून उघड होते. मात्र एक आदेश संपण्याच्या आत दुसरा काढला, दुसऱ्यानंतर तिसरा काढला आणि प्रत्येकात सण, परीक्षा, आंदोलने, निवडणुका अशी सर्वसाधारण कारणे लिहिली, की १५ दिवसांची बंदी सहज बारमाही होते. जानेवारी २०२० मध्ये काश्मीरमधील निर्बंधांविषयीच्या अनुराधा भसीन प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने नेमक्या याच सवयीवर बोट ठेवले. असे आदेश वारंवार काढत राहणे हा अधिकाराचा गैरवापर आहे, मत किंवा गाऱ्हाणे सनदशीर मार्गाने मांडणाऱ्यांना दडपण्यासाठी हे कलम वापरता येणार नाही, आदेशात त्यामागची वस्तुस्थिती नमूद केली पाहिजे आणि तो प्रसिद्ध केला पाहिजे, असे त्या निकालात म्हटले आहे. आदेश प्रसिद्ध झाला नाही तर त्याला आव्हान तरी कशाच्या आधारे द्यायचे, हा त्यामागचा साधा विचार आहे.

महाराष्ट्रातील याचे सर्वांत बोलके उदाहरण बीड जिल्ह्यातील माजलगावचे आहे. नागरिकत्व सुधारणा कायद्याविरोधात तेथील जुन्या ईदगाह मैदानावर बेमुदत धरणे धरण्यास परवानगी नाकारली गेली. त्या नकारामागे अतिरिक्त जिल्हा दंडाधिकाऱ्यांनी कलम ३७ खाली काढलेला आदेश होता आणि त्यात घोषणा, गाणी, वाद्ये या सर्वांवर बंदी होती. मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने फेब्रुवारी २०२० मध्ये तो आदेश आणि परवानगी नाकारण्याचा निर्णय रद्द केला. आदेशाची भाषा सर्वांना लागू असल्यासारखी असली, तरी प्रत्यक्षात त्याचा रोख याच आंदोलकांना गप्प करण्यावर होता, असे खंडपीठाला दिसले. एखाद्या कायद्याला विरोध केला म्हणून कोणाला देशद्रोही म्हणता येत नाही, असेही न्यायालयाने सुनावले. या निकालाचे महत्त्व त्या विशिष्ट कायद्यापुरते मर्यादित नाही. आदेश कागदावर किती निःपक्षपाती दिसतो यावर न थांबता तो कोणत्या क्षणी आणि कोणाच्या अर्जानंतर निघाला हे पाहावे, असा धडा त्यातून मिळतो.

कारणांच्या ओळीत आणखी एक गोष्ट वारंवार आढळते: ‘प्रतिस्पर्धी गटाकडून विरोध होण्याची शक्यता’. एका गटाची सभा आहे, दुसरा गट ती उधळण्याची धमकी देतो आणि पोलीस सभेलाच परवानगी नाकारतात. पोलिसांच्या दृष्टीने हा सर्वांत सोपा मार्ग असतो, कारण सभा झालीच नाही तर बंदोबस्तही लागत नाही. परंतु यामुळे धमकी देणाऱ्याला इतरांच्या हक्कावर नकाराधिकार मिळतो. वाराणसीतील शिया-सुन्नी वादातून आलेल्या गुलाम अब्बास प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९८१ मध्ये म्हटले होते की, दंडाधिकाऱ्याची कारवाई ज्याचा हक्क आहे त्याच्याविरुद्ध न होता, ज्याने आगळीक केली किंवा करू पाहिली त्याच्याविरुद्ध व्हायला हवी. चाळीसहून अधिक वर्षांनंतरही हे तत्त्व पोलीस ठाण्यांच्या टेबलापर्यंत पुरेसे उतरलेले नाही, असे माझे मत आहे.

परवानगीचा कागद

‘आंदोलनाला परवानगी लागते का?’ या प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर असे आहे की हक्क घटनेने दिलेला आहे, परंतु तो रस्त्यावर किंवा मैदानात वापरण्याची वेळ, जागा आणि पद्धत नियमांच्या अधीन आहे. यावरचा मूलभूत निकाल हिमतलाल शहा प्रकरणाचा आहे. १९६९ मध्ये अहमदाबादमध्ये विद्यार्थ्यांच्या सभेला पोलीस आयुक्तांनी परवानगी नाकारली. तो नकार ज्या नियमाखाली दिला होता, तो आजच्या महाराष्ट्र पोलीस अधिनियमाचा मूळ अवतार असलेल्या मुंबई पोलीस कायद्याखाली केलेला होता. १९७२ मध्ये घटनापीठाने निर्णय दिला, तो दोन्ही बाजूंना नीट समजून घेण्यासारखा आहे. रस्त्यावरील सभांचे नियमन राज्य करू शकते आणि हव्या त्या चौकात हव्या त्या वेळी सभा घेण्याचा निरंकुश हक्क कोणालाही नाही, हे न्यायालयाने मान्य केले. मात्र कोणत्या निकषांवर परवानगी द्यायची हे न सांगता सगळे अधिकाऱ्याच्या मर्जीवर सोडणारा नियम घटनाबाह्य असल्याचे सांगून तो रद्द केला. नियमन आणि मनाई यांच्यातील ही रेघ त्यानंतरच्या जवळजवळ प्रत्येक निकालात पुन्हा ओढली गेली आहे. सरकारी मालकीची प्रत्येक जागा सभेसाठी खुली असते, असा मात्र याचा अर्थ होत नाही. रेल्वेच्या आवारात किंवा कार्यालयाच्या आत सभा घेण्याचा हक्क न्यायालयांनी मान्य केलेला नाही.

व्यवहारात आयोजक स्थानिक पोलीस ठाण्यात अर्ज देतात. त्यात तारीख, वेळ, मोर्चाचा मार्ग, अपेक्षित संख्या आणि जबाबदार व्यक्तींची नावे असतात. ध्वनिक्षेपकाची परवानगी वेगळी घ्यावी लागते आणि रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ती सर्वसाधारणपणे मिळत नाही. मैदान महापालिकेचे असेल तर तिकडे आणखी एक अर्ज जातो. अनुभवी कार्यकर्ते या सगळ्यात एका गोष्टीला सर्वाधिक महत्त्व देतात, ती म्हणजे अर्जाची पोहोच. शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक असलेली प्रत हातात असेल, तर ‘अर्जच आला नव्हता’ असे नंतर कोणी म्हणू शकत नाही. दुसरी महत्त्वाची गोष्ट वेळेची आहे. कार्यक्रम रविवारी असताना शनिवारी संध्याकाळी तोंडी नकार मिळाला, तर न्यायालयात जाण्याचा मार्ग कागदावर उघडा राहतो आणि प्रत्यक्षात बंद होतो. म्हणून नकार लेखी आणि सकारण मागणे, आणि तो वेळेत मागणे, हा हक्काचाच भाग समजला पाहिजे.

परवानगी मिळाली तरी सोबत अटींची यादी येते, आणि मोर्चाच्या आदल्या दिवशी आयोजकांना एक नोटीसही बजावली जाते. जुन्या संहितेत ती ‘१४९ ची नोटीस’ म्हणून प्रसिद्ध होती, आता तिचा आधार कलम १६८ आहे. दखलपात्र गुन्हा घडल्यास तुम्हाला जबाबदार धरले जाईल, असा तिचा सूर असतो. नोटीस मिळाली म्हणजे मोर्चावर बंदी आली असे अनेकांना वाटते. तसे नसते. ती पूर्वसूचना आहे, आणि पुढे काही घडलेच तर पोलिसांच्या फाइलीतला पहिला कागदही तीच असते.

कुठे बसायचे आणि किती दिवस

जागेच्या प्रश्नावर अलीकडच्या काळात सर्वाधिक चर्चा झाली ती शाहीनबागच्या निकालामुळे. दिल्लीतील रस्ता अडवून काही महिने चाललेल्या धरण्यासंबंधी सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२० मध्ये सांगितले की, विरोध करण्याचा हक्क मान्य असला तरी सार्वजनिक रस्ता बेमुदत व्यापून ठेवता येणार नाही आणि निदर्शने ठरवून दिलेल्या जागी व्हावीत. त्याआधी जुलै २०१८ मध्ये मजदूर किसान शक्ती संघटनेच्या याचिकेवर याच न्यायालयाने दुसऱ्या टोकाला आवर घातला होता. राष्ट्रीय हरित लवादाच्या आदेशानंतर जंतर-मंतरवरील निदर्शने बंद झाली होती. संपूर्ण बंदी योग्य नाही, रहिवाशांच्या शांततेचा आणि आंदोलकांच्या हक्काचा मेळ घालणारे नियम करा, असे न्यायालयाने पोलिसांना सांगितले. दोन्ही निकाल शेजारी ठेवून वाचले, तर बेमुदत अडवणूकही नको आणि बेमुदत मनाईही नको, अशी भूमिका दिसते.

ठरवून दिलेल्या जागेची कल्पना कागदावर समतोल वाटते आणि मुंबईतील आझाद मैदानाच्या रूपाने ती अनेक वर्षे राबवली जात आहे. तिच्यातला दोष मात्र मान्य करायला हवा. निदर्शन हे कोणाला तरी उद्देशून असते. ज्याला ऐकवायचे त्याच्या नजरेआड, चहूबाजूंनी अडथळे लावलेल्या कोपऱ्यात बसवलेला माणूस बोलतो खरा, पण त्याचे बोलणे पोहोचत नाही. त्यामुळे राखीव जागा देताना ती विधानभवन, मंत्रालय किंवा संबंधित कार्यालय यांच्यापासून किती दूर आहे, हा प्रश्न वाहतुकीइतकाच महत्त्वाचा मानला गेला पाहिजे.

दुसऱ्या बाजूची जबाबदारीही तितकीच खरी आहे. मार्च २०१८ मध्ये नाशिकहून सुमारे १८० किलोमीटर चालत आलेला शेतकऱ्यांचा लाँग मार्च मुंबईत पोहोचला, तेव्हा दहावीची परीक्षा सुरू होती. सकाळी परीक्षार्थींची गैरसोय होऊ नये म्हणून, दिवसभर चालून थकलेले हजारो शेतकरी सोमय्या मैदानावर मुक्काम न करता रात्रीच उठून आझाद मैदानाकडे निघाले आणि उजाडण्याच्या आत तिथे पोहोचले. असे करण्याचा आदेश त्यांना कोणी दिलेला नव्हता. त्या एका रात्रीने शहराची सहानुभूती जितकी मिळवली, तितकी कदाचित आदल्या पाच-सहा दिवसांच्या चालण्यानेही मिळवली नसेल.

बंदचे काय, असा प्रश्न इथे येतोच. इतरांना जबरदस्तीने घरात बसवणारा ‘बंद’ घटनाबाह्य असल्याचा केरळ उच्च न्यायालयाचा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्ये कायम केला. मुंबईत ३० जुलै २००३ रोजी झालेल्या बंदबद्दल मुंबई उच्च न्यायालयाने शिवसेना आणि भारतीय जनता पक्ष यांना प्रत्येकी २० लाख रुपये भरण्यास सांगितले होते. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या घटनेनंतर विरोधी पक्षांनी पुकारलेला महाराष्ट्र बंदही उच्च न्यायालयाने आदल्या दिवशी रोखला. नेत्यांनी मग तोंडाला काळ्या पट्ट्या बांधून ठिकठिकाणी मूक निदर्शने केली. स्वतःचे दुकान स्वतःहून बंद ठेवणे हा हक्क आहे, शेजाऱ्याचे शटर खाली ओढणे हा गुन्हा आहे, एवढाच त्यातला भेद आहे.

पोलीस समोर उभे असताना

जमाव पांगवण्याचा अधिकार नव्या संहितेच्या कलम १४८ मध्ये आहे. कार्यकारी दंडाधिकारी, पोलीस ठाण्याचे प्रभारी अधिकारी किंवा या प्रभारींच्या अनुपस्थितीत उपनिरीक्षकाहून कमी दर्जाचा नसलेला अधिकारी बेकायदा जमावाला, किंवा शांतता भंगण्याची शक्यता असलेल्या पाच अथवा अधिक व्यक्तींच्या जमावाला, पांगण्याचा हुकूम देऊ शकतो. हुकूम देऊनही जमाव पांगला नाही, किंवा पांगणार नाही असे त्याच्या वर्तनातून उघड दिसले, तरच बळाचा वापर करता येतो. लष्कराला पाचारण केल्यास त्याने कमीत कमी बळ वापरावे आणि कमीत कमी इजा करावी, असे कायद्यात स्पष्ट लिहिलेले आहे. पोलिसांसाठीच्या कलमात ते वाक्य नाही, ही विचित्र गोष्ट आहे. त्यांच्यावरचे हे बंधन न्यायालयांच्या निकालांतून आणि पोलिसांच्या स्वतःच्या नियमपुस्तिकांतून येते.

हुकूम देणे म्हणजे केवळ शब्द उच्चारणे नसते, हे रामलीला मैदानाच्या प्रकरणाने ठळक केले. ४ जून २०११ रोजी दिल्लीत बाबा रामदेव यांच्या उपोषणाच्या मंडपात हजारो माणसे झोपलेली होती. रात्री उशिरा परवानगी मागे घेण्यात आली, मनाई आदेश निघाला आणि मध्यरात्रीनंतर पोलीस आत शिरले. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१२ मध्ये या कारवाईवर कठोर ताशेरे ओढले. झोपलेल्या माणसांकडून कोणता तातडीचा धोका होता, हे पोलिसांना पटवून देता आले नाही. या कारवाईत जखमी होऊन पुढे मरण पावलेल्या महिलेच्या वारसांना पाच लाख रुपये देण्याचा आदेश देताना न्यायालयाने आयोजक संस्थेलाही नुकसानभरपाईच्या २५ टक्के वाट्यासाठी जबाबदार धरले, कारण लोकांना शांतपणे बाहेर काढण्यात तिनेही कसूर केली होती. पांगण्याचा हुकूम ऐकू येईल असा, समजेल अशा भाषेत आणि पांगायला वेळ व वाट मिळेल अशा रीतीने दिला गेला पाहिजे, असा या प्रकरणातून निघणारा अर्थ आहे.

वाट नसली की काय होते, हे महाराष्ट्राने त्याआधीच पाहिले होते. २३ नोव्हेंबर १९९४ रोजी नागपुरात हिवाळी अधिवेशनावर आलेल्या गोवारी समाजाच्या मोर्चात पोलिसांच्या लाठीमारानंतर चेंगराचेंगरी झाली आणि ११४ जण मृत्युमुखी पडले. मृतांमध्ये स्त्रिया आणि लहान मुले मोठ्या संख्येने होती. गोळी एकही लागलेली नव्हती. गर्दी पुढे अडथळ्यांना टेकलेली असते, मागच्यांना पुढे काय चालले आहे ते दिसत नाही आणि अशा वेळी उगारलेली काठी माणसांना सुटण्याच्या दिशेने न ढकलता एकमेकांच्या अंगावर ढकलते. म्हणूनच बंदोबस्ताचा आराखडा करताना बाहेर पडण्याचे रस्ते किती आणि ते मोकळे आहेत का, याचा विचार फौजफाट्याच्या संख्येआधी व्हायला हवा. ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात पुतळ्याच्या विटंबनेविरुद्ध जमलेल्या लोकांवर राज्य राखीव पोलीस दलाने गोळीबार केला आणि १० जण मारले गेले. गुंडेवार आयोगाने तो गोळीबार असमर्थनीय ठरवला आणि २००९ मध्ये सत्र न्यायालयाने संबंधित अधिकाऱ्याला दोषी धरले. घटना आणि निकाल यांच्यात १२ वर्षांचे अंतर होते. जमाव पांगवताना सद्भावनेने केलेल्या कृतीबद्दल सरकारच्या मंजुरीशिवाय खटला भरता येत नाही, अशीही तरतूद संहितेत आहे. तिचा हेतू समजण्यासारखा असला, तरी तिचे ओझे बहुतेक वेळा मृतांच्या नातेवाइकांवरच पडते.

ताब्यात घेतले गेल्यास काय, हे थोडक्यात सांगता येते. आंदोलकांना गाडीत बसवून पोलीस मैदानावर नेऊन संध्याकाळी सोडणे हा परिचित प्रकार असून कलम १७० आणि नवे कलम १७२ त्याला आधार देतात. प्रतिबंधात्मक अटक २४ तासांपलीकडे चालू ठेवायची असेल तर वेगळा कायदेशीर आधार लागतो. अटकेचे कारण सांगितले जाणे, नातेवाइकांना किंवा मित्रांना कळवले जाणे आणि वकिलाशी बोलता येणे हे हक्क प्रत्येकाला आहेत. सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी स्त्रीला अटक करता येत नाही. अपवादात्मक स्थितीत करायची झाली, तर महिला अधिकाऱ्याने दंडाधिकाऱ्याची पूर्वपरवानगी घ्यावी लागते.

आंदोलन संपले की लोक ते विसरतात, गुन्ह्याची नोंद मात्र राहते. मनाई आदेश मोडल्याचा गुन्हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २२३ खाली येतो आणि न्यायालयाला त्याची दखल संबंधित लोकसेवकाच्या लेखी तक्रारीवरूनच घेता येते. त्याच्या जोडीला बेकायदा जमावाचे कलम लागले, की समान उद्देशाच्या नियमामुळे एकाने केलेल्या कृत्याची जबाबदारी जमावातील इतरांवरही येते. नुसता बघ्या म्हणून उभा असलेला माणूस त्यात मोडत नाही, पण तो बघ्याच होता हे शाबीत होईपर्यंत तारखा पडत राहतात. दरम्यान त्याच माणसाला भरतीसाठी चारित्र्य पडताळणीचा दाखला लागतो, किंवा न्यायालयात खटला प्रलंबित असल्यामुळे पारपत्राचा अर्ज अडकतो. राजकीय व सामाजिक आंदोलनांतील असे खटले मागे घेण्यासाठी राज्य सरकार वेळोवेळी शासन निर्णय काढते. जीवितहानी झालेली नसावी आणि मालमत्तेचे नुकसान ठरावीक रकमेच्या आत असावे, अशा अटी त्यात असतात. पण सरकारने ठरवले म्हणून खटला आपोआप संपत नाही. सरकारी वकिलाने नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३६० खाली न्यायालयाची संमती घ्यावी लागते आणि आरोपींमध्ये आमदार किंवा खासदार असेल, तर २०२१ पासून त्याच्यावरील खटला उच्च न्यायालयाच्या परवानगीशिवाय मागे घेता येत नाही. त्यामुळे मोर्चाच्या अग्रभागी असलेल्या नेत्याचा आणि मागे घोषणा देणाऱ्या कार्यकर्त्याचा खटला एकाच घटनेतला असूनही, त्यांच्या सुटकेची वाट वेगवेगळ्या न्यायालयांतून जाते.